थंडीविरुद्ध फिर्याद

धाराशिव जिल्ह्यात हिवाळा हा सुखाचा ऋतू मानला जातो आणि तो तसा मानावा हे रास्तच आहे. कारण बालाघाटाच्या ज्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, विहिरी तळ गाठतात आणि माणसांबरोबर जनावरांचाही जीव मेटाकुटीस येतो, त्याच पठारावर कार्तिक सरता सरता उत्तरेकडचा गार वारा सुटतो, रब्बीची ज्वारी शिवारात डुलू लागते आणि पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली, उतरून दुपारी पुन्हा तिशीच्या घरात येतो. येथे बर्फ पडत नाही, रस्ते गोठत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यासाठी मोटारीची काही वेगळी तजवीज करावी लागते, ही कल्पनाच येथील सामान्य वाहनधारकाच्या मनाला शिवत नाही. तरीही मार्गशीर्ष-पौषात सकाळी सकाळी गॅरेजवाल्यांचे फोन खणखणू लागतात, आणि ज्या महिन्यांत रस्ते कोरडे व हवा निर्मळ असते त्याच महिन्यांत रात्रीच्या अपघातांच्या वार्ता कानी येतात. या दोहोंचा दोष कोणाच्या माथी मारावा, याविषयी दोन वडीलधाऱ्या गृहस्थांमध्ये झालेला वाद येथे देत आहे. एकाने धाराशिवच्या न्यायालयात दीर्घकाळ वकिली केली असून तालुक्याच्या कोर्टांतील तारखांसाठी ते आजही स्वतः गाडी चालवतात; दुसरे एसटीच्या आगारात यांत्रिक म्हणून चाकरी करून निवृत्त झाले असून ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्या अजूनही प्रेमाने तपासून देतात. त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटली होती.

वकीलसाहेब : मिस्त्री, माझी फिर्याद सरळ आहे. परांड्याच्या कोर्टात तारीख होती, म्हणून पहाटेच निघायचे ठरवले. तर गाडी सेल्फच घेईना. नुसती टकटक झाली, समोरचे दिवे मंदावले आणि सारे शांत. आदल्या संध्याकाळी हीच गाडी तुळजापूरहून विनातक्रार घरी आली होती. एका रात्रीत असे काय घडले? थंडीखेरीज दुसरा आरोपी मला तरी दिसत नाही.

मिस्त्री : साहेब, थंडीविरुद्ध फिर्याद गुदरायची असेल तर आधी मे महिन्याची जबानी नोंदवून घ्या. बॅटरीच्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असते. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात बॉनेटखालचा उकाडा, यांनी तिच्यातले पाणी उडते, पट्ट्या गंजतात आणि त्यांच्यावर क्षाराचा कठीण थर बसतो. आमच्या लोकांत एक ढोबळ हिशेब आहे, की पंचवीस अंशांपुढे दर आठ-दहा अंशांना बॅटरीचे आयुष्य निम्म्याने घटते. थंड मुलखात जी पाच-सहा वर्षे टिकते, ती आपल्याकडे तीन-चार वर्षांत थकते. पण उन्हाळ्यात हे उघडकीस येत नाही, कारण गरम हवेत इंजिनाचे तेल पातळ असते आणि सेल्फला जोर कमी लागतो. पहिली कडाक्याची पहाट आली की दोन्हीकडून कोंडी होते. आत रासायनिक क्रिया मंदावल्यामुळे वीज कमी मिळते आणि बाहेर तेल घट्ट झाल्यामुळे तीच वीज जास्त लागते. तुमची बॅटरी त्या रात्री मेली नाही. ती वैशाखातच खंगली होती.

वकीलसाहेब : म्हणजे गुन्हा एकाने केला आणि पकडला गेला दुसरा. मान्य. परंतु यातून माझा मूळ मुद्दा खोटा ठरत नाही, उलट बळकटच होतो. उन्हाळा काही माझ्या हुकमतीत नाही. बॅटरीच्या पोटात काय चालले आहे हे मला दिसत नाही, आणि कंपनीने तर ती वरून बंदच करून टाकली आहे. जी गोष्ट मला दिसत नाही, जिच्यात मला हात घालू दिला जात नाही, तिची जबाबदारी माझ्यावर टाकणे हे कोणत्या न्यायात बसते?

मिस्त्री : दिसत नाही असे नाही, साहेब, बघितले जात नाही. चार दिवस आधीपासून सेल्फ मारताना इंजिन जड फिरत असेल, हॉर्नचा आवाज बसला असेल, काचा वर-खाली व्हायला वेळ लागत असेल. आणि बॉनेट उघडून एकदा नजर टाकली असती तर ही टर्मिनलवरची भुकटी दिसली असती.

असे म्हणून त्यांनी मला आणि वकीलसाहेबांना गाडीजवळ नेले. धन टोकावर पांढरट-निळसर, फुललेल्या चुन्यासारखी पूड जमली होती आणि तिच्याखाली पकड इतकी सैल झाली होती, की बोटाने हलवली तरी हलत होती. मिस्त्रींनी आधी ऋण बाजूची काळी तार सोडली, मग तांबडी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशाने दोन्ही टोके घासली, तेव्हा पाणी फसफसून वर आले आणि खालचे राखाडी शिसे उघडे पडले. फडक्याने कोरडे करून त्यांनी पकडी आवळल्या, या वेळी तांबडी आधी आणि काळी शेवटी, आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला. मग मीटर लावले. सारी वीज बंद असताना बॅटरीने साडेबारा व्होल्टच्या वर दाखवले तर ती भरलेली समजावी, बाराच्या आसपास आली तर उतरलेली. इंजिन चालू असताना काटा चौदाच्या जवळपास गेला नाही तर दोष बॅटरीचा नसून आल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा, हे त्यांनी शिकवल्यासारखे सांगितले. वकीलसाहेबांची बॅटरी जेमतेम बारावर होती.

वकीलसाहेब : हे कसब मला मान्य आहे आणि त्याविषयी आदरही आहे. पण मिस्त्री, तुम्ही ज्या काळाचे संस्कार घेऊन बोलता तो काळ निराळा होता. आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या देशभर गेल्या, तेव्हापासून तीस-चाळीस वर्षे मोटार बाळगणारा माणूस आपोआपच निम्मा मेकॅनिक होत असे. थंडीत चोक किती ओढावा, तो कधी आत ढकलावा, प्लग काळा पडला की काय करावे, हे त्याला आले नाही तर गाडी घराबाहेर पडतच नसे. आज कारब्युरेटर गेला, चोक गेला. इंधन किती सोडायचे ते संगणक ठरवतो. उमरग्याहून, भूमहून रोज अपडाऊन करणारी एखादी शिक्षिका सकाळी सातला शाळा गाठायची म्हणून गाडी काढते. तिने व्होल्टमीटर पर्समध्ये ठेवावा अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्याजवळ ज्ञान आणि साधन, त्याच्यावर कर्तव्य, हे कायद्याचे तत्त्व आहे. ज्ञान कंपनीजवळ आहे. रस्ता सरकारजवळ आहे. मी पैसे मोजतो, रस्ताकर भरतो, टोल भरतो, विमा उतरवतो. माझ्या पदरी आता आणखी काय टाकता?

मिस्त्री : आठवड्यातली पाच मिनिटे, साहेब. एवढीच. एसटीची गाडी सकाळी आगारातून निघते तेव्हा ती नवी आहे की जुनी हे न विचारता चालक टायरांना हात लावतो, दिवे बघतो, ब्रेक दाबून बघतो. त्याच्या मागेही कारखाना आहे, यांत्रिक आहेत, नोंदवह्या आहेत. तरी गाडीवर शेवटची नजर त्याचीच पडते, कारण तिच्यात बसून जाणारा तो आहे. तुमच्या शिक्षिकाबाईंनी व्होल्टमीटर ठेवू नये. पण बॅटरीला तीन वर्षे झाली असतील तर दिवाळीच्या सुमारास कोणत्याही बॅटरीवाल्याकडे ती तपासून घ्यावी. बहुतेक ठिकाणी याचे पैसेही घेत नाहीत.

येथे मला मिस्त्रींचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटले, आणि ते का हेही सांगितले पाहिजे. वकीलसाहेबांची भूमिका हक्काच्या दृष्टीने निर्दोष असली तरी येडशीच्या घाटात, रामलिंगच्या रानात, पहाटे साडेचारला बंद पडलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला ती उपयोगाची नाही. हक्क दुसऱ्या दिवशी कचेरीत बजावता येतो. त्या घटकेला कामी येते ती गाडीची तंदुरुस्ती, आणि ती तंदुरुस्ती आदल्या रविवारी मालकाने दिलेल्या पाच मिनिटांवर अवलंबून असते.

पुढचा विषय टायरांचा निघाला आणि त्यात वकीलसाहेबांनी फारसा प्रतिवाद केला नाही. हवेचा दाब दर पाच-सहा अंशांच्या फरकाला साधारण एक पौंडाने बदलतो, हे मिस्त्रींनी आपल्या जिल्ह्याच्या हिशेबात बसवून दाखवले. दुपारी तीस अंश उष्णतेत पंपावर तेहतीस पौंड भरून घेतलेली हवा पहाटे बारा अंशांवर तीसच्या आसपास उतरलेली असते. त्यात चालून गरम झालेल्या टायरात भरली असेल तर आणखी कमी. म्हणून हवा टायर थंड असताना, सकाळी, निघाल्याबरोबर जवळच्या पंपावर पाहावी आणि चालकाच्या दारावरील पत्र्यावर दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. आपल्याकडील उन्हाने टायर झिजण्याआधीच वाळतो, त्याच्या बगलेला बारीक भेगा पडतात. आणि टायरच्या बगलेवर शेवटी चार अंक कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३२१ हा आकडा २०२१ सालचा तेविसावा आठवडा होय. पुण्या-मुंबईकडून जुन्या गाड्या विकत घेणारे पुष्कळ लोक मीटरवरचे किलोमीटर पाहतात, पण हे चार अंक पाहत नाहीत. स्टेपनी तर विस्मरणातच गेलेली असते. ती गाडीबरोबर आली तेव्हापासून तिच्यात कोणी हवा भरलेली नसते.

वकीलसाहेब : एक शंका विचारतो. माझा धाकटा जावई डिझेल गाडी वापरतो. कोणीतरी त्याला सांगितले की थंडीत डिझेल गोठते, म्हणून टाकीत थोडे रॉकेल घालावे.

मिस्त्री : आपल्या जिल्ह्यात डिझेल गोठत नाही, साहेब. ती अडचण लडाखची. तिथे उणे अंशांत डिझेलातले मेण धरते, म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. आपल्याकडे दहा अंशांवर रॉकेल घालणे म्हणजे पंप आणि इंजेक्टर यांचा नाश हातांनी ओढवून घेणे. आजच्या डिझेल इंजिनांना डिझेलचेच वंगण लागते, ते रॉकेलात नाही. डिझेल गाडी थंडीत उशिरा उठत असेल तर हीटर प्लग तपासावेत, डिझेल फिल्टरातले पाणी काढावे. किल्ली फिरवल्यावर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो तो विझेपर्यंत थांबावे आणि मग सेल्फ मारावा. पुष्कळांना तेवढाही धीर नसतो. आणखी एक. सुरू झालेली गाडी दहा दहा मिनिटे जागेवर तापवत उभी करू नका. अर्धे मिनिट पुरे. मग पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवावी, म्हणजे इंजिनच नव्हे, गिअर आणि टायरही सारखे गरम होतात. बंद शेडमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नये. शाकंभरी नवरात्रात तुळजापूरला आलेले ड्रायव्हर काचा लावून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून गाडीतच झोपतात. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

हे शेवटचे वाक्य त्यांनी फार गंभीरपणे उच्चारले. मग वकीलसाहेबांनी वादाचे दुसरे दप्तर उघडले.

वकीलसाहेब : गाडीपुरते मी तुमचे ऐकले. आता रस्त्यापुरते तुम्ही माझे ऐका. समजा माझी बॅटरी नवी आहे, टायर नवे आहेत, दिवे स्वच्छ आहेत. मी रात्री कळंबहून ढोकीमार्गे येतो आहे. समोरून एक ट्रक अप्पर लावून येतो, माझे डोळे दिपतात, आणि तो बाजूने निघून जाताच माझ्यापुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचे शेपूट उभे राहते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. असला तर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला. त्याच्या पुढे बैलगाड्यांची रांग, तिलाही काही नाही. यात माझ्या पाच मिनिटांच्या तपासणीने काय साधले? मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. मागच्या दिव्याची आणि परावर्तकाची सक्ती नियमांत आहे. तरतूद आहे, अंमलबजावणी नाही. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्याचे खरे संकट थंडी नव्हे, हा अंधार आहे.

मिस्त्री : या बाबतीत माझे तुमच्याशी भांडण नाही. पण तुम्ही तो रस्ता किती वेगाने कापत होता?

वकीलसाहेब : ऐंशीच्या आसपास. कायद्याने वावगे नाही.

मिस्त्री : मग हिशेब करू. ऐंशीच्या वेगाला गाडी दर सेकंदाला बावीस मीटर जाते. पुढे काही आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे तेहतीस मीटर गेले. त्यानंतर कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरांनी, कडक ब्रेक मारून थांबायला आणखी पस्तीस मीटर. सारे मिळून अडुसष्ट, सत्तर मीटर. समोरून गाडी आली म्हणून तुम्ही डिपर दिलात, तर डिपरचा उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे जे तुम्हाला दिसेल ते दिसून गाडी थांबेपर्यंत तुम्ही त्याच्यावर गेलेले असता. साठच्या वेगाला हाच हिशेब पंचेचाळीस मीटरांवर येतो. उजेडाच्या आत बसतो. ट्रॉलीला दिवा असो नसो, हा आकडा बदलत नाही. आज ट्रॉली आहे, उद्या रामलिंगच्या जंगलातून हरीण येईल, परवा रस्त्यावर पडलेली उसाची मोळी असेल.

वकीलसाहेब काही वेळ बोलले नाहीत. पुढे त्यांनी जे सांगितले त्यात त्यांच्या व्यवसायाचा अनुभव होता.

वकीलसाहेब : मोटार अपघात दाव्यांत हाच प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. अंधारात दिव्याविना उभ्या असलेल्या वाहनावर मागून गाडी आदळली, तर न्यायाधिकरण पंचनामा पाहते, खुणा पाहते, साक्षी घेते आणि पुष्कळ वेळा दोषाची वाटणी करते. काही हिस्सा दिवा न लावणाऱ्याचा, काही हिस्सा वेग न आवरणाऱ्याचा. उभय पक्षांच्या निष्काळजीपणाचे हे तत्त्व मी शेकडो वेळा कोर्टापुढे मांडले, पण ते स्टिअरिंगवर बसून स्वतःला लावून पाहिले नाही. तुमचा हिशेब मी पत्करतो. तथापि त्याने ट्रॉलीवाला मोकळा सुटत नाही.

मिस्त्री : सुटू नयेच. पण त्याची कैफियतही ऐकायला हवी. दिवा लावत नाही म्हणजे तो बेफिकीर आहे, असे सरसकट धरू नका. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉल्या दुसऱ्याच्या, टोळी मुकादमाची. ट्रॉली आज या ट्रॅक्टरला, उद्या त्या ट्रॅक्टरला. दोन्हींच्या वायरिंगचे प्लग जुळत नाहीत. जुळले तरी कारखान्यात ऊस उतरवताना दोरखंड-साखळ्यांची ओढाताण होते, तीत मागचा दिवा पहिला फुटतो. फडात चिखलातून, बांधावरून ट्रॉली जाते, तिथे तार तुटते. तो ड्रायव्हर रात्र रात्र वजनकाट्याच्या रांगेत उभा असतो. त्याला खेपेवर पैसे मिळतात, दिवा दुरुस्त करायला थांबला तर खेप जाते. पूर्वी बैलगाडीच्या आसाला कंदील टांगलेला असे, तो मंद असला तरी दुरून कळे. आज तोही गेला. म्हणून माझे म्हणणे असे, की ट्रॉलीला विजेच्या दिव्यावर अवलंबून ठेवू नये. मागच्या फळीला आणि दोन्ही बगलांना रुंद तांबडी-पांढरी परावर्तक पट्टी, ती वाढ्यांनी झाकणार नाही इतक्या खाली. आणि उसाच्या टोकाला एक सेलवर चालणारा, काढता-घालता येणारा तांबडा दिवा. उतरवताना काढून केबिनमध्ये ठेवावा, भरल्यावर पुन्हा लावावा.

वकीलसाहेब : आणि मी त्याला अंमलबजावणीची जोड देतो. रस्त्यावर पोलीस किती ठिकाणी उभा करणार? पण प्रत्येक ट्रॉलीला चोवीस तासांत एकदा तरी एका जागी थांबावेच लागते, ती जागा म्हणजे कारखान्याचा काटा. संचालक मंडळाने ठराव करावा, की मागे पट्टी आणि दिवा नसलेल्या ट्रॉलीचे वजन होणार नाही. परत पाठवू नये, कारण ऊस वाळतो आणि त्यात शेतकऱ्याचे नुकसान. काट्याच्या दारातच पट्टी चिकटवून द्यावी, तिची किंमत वाहतुकीच्या बिलातून वळती करावी. कायदा नवा करण्याचे कारण नाही.

ही सूचना मला या साऱ्या संवादातील सर्वांत मोलाची वाटली. ऊसवाहतुकीच्या गाड्यांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा अधूनमधून होतात, जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानही साजरे होते. परंतु हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि जानेवारी उजाडेपर्यंत निम्मा ऊस वाहून झालेला असतो. जे करायचे ते पहिली मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी झाले पाहिजे. पौष पौर्णिमेच्या सुमारास तर एकाच आठवड्यात तुळजापुरात शाकंभरी नवरात्राची आणि नळदुर्गच्या मैलारपुरात खंडोबाच्या यात्रेची गर्दी उसळते, भाविकांच्या गाड्या रात्री-पहाटे याच रस्त्यांनी धावतात आणि त्याच वेळी ऊसवाहतूक ऐन भरात असते.

धुक्याविषयी दोघांचे एकमत होते. आपल्याकडे धुई रोज पडत नाही. पण तलावांच्या, नदीकाठच्या सखल भागात ती पहाटे एकाएकी गाडीवर येते. अशा वेळी अप्पर लावला तर उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांवर येतो. डिपर व असल्यास खालचे फॉग लाइट लावावेत, वेग उतरवावा, आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर पेटवून ठेवू नयेत, कारण मग आपण कोठे वळतो हे मागच्यास कळत नाही. काच आतून धुरकटली तर हाताने पुसत बसण्याऐवजी एसी लावून झोत काचेवर सोडावा. एसी हवेतील ओल काढून घेतो, हे थंडीत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गाडी बंद पडलीच तर ती डांबरावरून पूर्णपणे बाजूला घ्यावी, इंडिकेटर तेव्हा लावावेत, डिकीतला तांबडा त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा, आणि माणसांनी गाडीत किंवा गाडीमागे न थांबता रस्त्याबाहेर उभे राहावे. दुसऱ्याच्या बॅटरीवरून आपली गाडी उठवायची असेल तर तांबडी तार धन टोकाला लावून काळी तार शेवटी, बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. बॅटरीजवळ ठिणगी उडू देऊ नये.

वकीलसाहेब : आणि कोणाचा अपघात झालेला दिसला तर थांबा. साक्षीला, पोलिसाला भिऊन लोक पुढे निघून जातात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४-अ आले आहे. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही.

मिस्त्री : साहेब, या कलमाचा फलक प्रत्येक ढाब्यावर लावला पाहिजे.

दोघांचा मूळ मतभेद मिटला असे मी म्हणणार नाही. सामान्य माणसावर किती भार टाकावा याविषयी वकीलसाहेब अजूनही सावध आहेत, आणि यंत्राची कदर न करणाऱ्याविषयी मिस्त्रींच्या मनातील नाराजी कमी झालेली नाही. परंतु माझा निर्णय असा आहे, की गाडीच्या दोषांपुरता पहिला जाब मालकाने द्यावा, आणि रस्त्यावरच्या अंधारापुरता जाब ट्रॉलीवाल्याआधी साखर कारखान्याला विचारावा; कारण उपाय त्याच्या हाती आहे, आणि तो पट्टीच्या किमतीइतका स्वस्त आहे. वाचकांपैकी जे कोणी कारखान्याचे सभासद असतील त्यांनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इतरांनी येत्या रविवारी बॅटरीची टोके, पाचही टायरांची हवा आणि मागचे दिवे एकदा पाहून घ्यावेत, व रात्री डिपरवर साठच्या पुढे जाऊ नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोठूनही ११२ हे क्रमांक अहोरात्र चालू असतात.